पोटाला प्लास्टिक बांधून चरबी वितळत नाही

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या आणि आजूबाजूच्या खेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. "रोज १०,००० पावलं चाला, ५०० कॅलरी जळतात, महिन्यात २ किलो वजन हमखास उतरतं. जितका घाम जास्त तितकी चरबी वितळते, पोटाला प्लास्टिक गुंडाळलं तर दुप्पट. घड्याळात किती जळाल्या ते पाहा आणि तेवढं खुशाल खा. शेतात राबणाऱ्याला तर काहीच पथ्य नको." मी आशा म्हणून घरोघरी जाते, तिशीवरच्यांचे सीबॅक फॉर्म (शुगर, बीपीसारख्या आजारांचा धोका बघायची सरकारी प्रश्नावली) भरते, कमरेला टेप लावते. हा मेसेज मला दर दुसऱ्या घरात ऐकवला जातो.

घामापासून सुरुवात करते, कारण जिवावर बेतणारं तेच आहे.

एप्रिलात शेजारच्या काकू खताच्या पोत्यातलं आतलं प्लास्टिक पोटाला गुंडाळून, वरून स्वेटर घालून फाट्यापर्यंत चालून आल्या. वेळ सकाळी साडेनऊची. त्यांच्या घरी कापूस मोजायचा काटा आहे. निघताना त्यावर चढल्या होत्या, आल्या आल्या पुन्हा चढल्या. "पाय वं बाई, आठशे ग्राम उतरलं!" तोंड लालबुंद, ओठ कोरडे, एका हाताने ओसरीचा खांब धरलेला. मी त्यांना सावलीत बसवलं, प्लास्टिक सोडलं, ओला दुपट्टा अंगावर टाकला, माठातलं पाणी थोडं थोडं करून तीन गिलास पाजलं. अर्ध्या तासाने पुन्हा काट्यावर उभं केलं. आठशेतले सहाशे ग्रॅम परत आले होते. जे उतरलं ते पाणी होतं आणि पाण्यानेच ते भरून निघालं.

घाम म्हणजे पाणी आणि मीठ. तो कातडीवरून सुकतो तेव्हा अंगातली उष्णता घेऊन जातो, हेच त्याचं काम. प्लास्टिक बांधलं की घाम सुकत नाही, नुसता वाहतो, आणि अंग आतून तापत जातं. आपल्याकडे अकोला-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. तिथे हा प्रयोग म्हणजे उष्माघाताला बोलावणं आहे. आणि चरबी जाते कुठे म्हणाल, तर मुख्यतः श्वासावाटे. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा हिशेब छापून आला: १० किलो चरबी पूर्ण जळाली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. घामाच्या लोटांवरून चरबीचा अंदाज बांधताच येत नाही.

आता ५०० कॅलरी. शांत बसलेलं शरीरसुद्धा दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी खर्च करतं. आपल्या नेहमीच्या चालीने चाललं की खर्च अंदाजे तिप्पट होतो. १०,००० पावलांना शंभर मिनिटं धरा. ६० किलोच्या बाईचा खर्च झाला ३००. पण त्यातल्या १०० ती घरी ओट्यावर बसली असती तरी गेल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई २०० ची. मेसेजमधला ५०० चा आकडा यायचा तर वजन १०० किलो पाहिजे, आणि तेही बसल्या जागचा खर्च वजा न करता.

महिन्याचे २ किलो कुठून आले तेही बघा. १ किलो चरबीला ७,७०० कॅलरी धरतात. ५०० गुणिले ३० म्हणजे १५,०००, म्हणून जवळजवळ २ किलो. खऱ्या २०० ने गुणलं तर महिन्याला ६,०००, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास, तेही ताटात एक घासही वाढला नाही तर. वजन घटत गेलं की चालायचा खर्चही घटतो, म्हणून पुढच्या महिन्यात तेवढंही उतरत नाही. एक महिना चालून काटा हलला नाही म्हणून चालणंच सोडून दिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि या मेसेजवर माझा राग त्यासाठी आहे. शुगर असलेल्या माणसाने जेवणानंतर चाललं तर स्नायू रक्तातली साखर उचलतात, मग वजन उतरो न उतरो. सीबॅक फॉर्ममध्येही आम्ही आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल होते का एवढंच विचारतो. मेसेजमधला १०,००० हा आकडा तर १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय.

घड्याळाचं म्हणाल तर २०१७ साली अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६० जणांच्या मनगटावर सात प्रकारची घड्याळं बांधून तपासलं. नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं घड्याळ सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. आपल्या उन्हाळ्यात आणखी एक घोळ होतो. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, म्हणून तेवढ्याच चालीला ठोके वाढतात. ठोक्यांवरून हिशेब करणारं घड्याळ त्याला जास्त मेहनत समजतं आणि कॅलरी वाढवून दाखवतं. उलट गवताचा भारा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून येणाऱ्या बाईचं मनगट झुलत नाही, म्हणून तिची पावलं कमी भरतात.

"तेवढं खुशाल खा" याला उत्तर थोडक्यात: २०० कॅलरी म्हणजे २२ ग्रॅम तेल, किंवा ज्वारीची एक मध्यम भाकर, किंवा दिवसभरातल्या पाच कप चहांत प्रत्येकी दोन चमचे पडलेली साखर. शंभर मिनिटांची चाल तर्रीच्या एका वाटीत बुडते.

राहिली शेतात राबणाऱ्यांची गोष्ट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात ५५ किलोच्या बाईला बैठ्या कामात दिवसाला १,६६० कॅलरी लागतात, मध्यम कामात २,१३० आणि जड कामात २,७२०. पण वावरातलं काम बारा महिने सारखं नसतं. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की पेरणीपर्यंत अंग मोकळं असतं आणि भाकरी मात्र तितक्याच राहतात. ज्यांच्या घरी मजूर लागतात त्यांच्या कमरेचा टेप मग ९० सेंटिमीटरच्या पुढे जातो. त्यांना पथ्य हवंच.

आणि मजुरीला जाणारी? दिवाळीनंतर एका संध्याकाळी वेचणीहून परतलेली एक जण मला वाटेत भेटली. वजन ४२ किलो, रक्त (हिमोग्लोबिन) ९ च्या खाली, डोक्यावर सरपण. तिच्या पोराने तिला तोच मेसेज वाचून दाखवला होता. "ताई, मी बी सकाळी चालू का?" दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई हे विचारत होती. मी म्हटलं, चालू नको माय. गोळ्या चुकवू नको, आणि आज रात्री भाकरीसंगं वरण घे, पोरांना वाढून उरलं तर नाही, त्यांच्यासोबतच बसून घे.