स्टॅबिलायझर जॅकवर ट्रेलर उचलायचा नसतो, ड्रिल असो वा नसो

अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर उन्हाळ्याच्या तोंडावर एक संदेश फिरू लागला आहे. त्याचा आशय असा: "कॅम्पर ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना असलेल्या जॅकसाठी हँडल फिरवत बसू नका, ते फेकून द्या आणि कॉर्डलेस ड्रिल लावा. एकेका जॅकची क्षमता ५,००० पाउंड आहे, म्हणजे चौघांची २०,००० पाउंड, आणि तुमचा ट्रेलर फार तर ६,००० पाउंडांचा असतो. त्यामुळे ट्रेलर याच जॅकवर उचलून समतल करा आणि पंक्चर झाल्यास टायरही असाच बदला. चारही पाय जमिनीवर घट्ट असल्यामुळे चाकांना ठोकळे लावण्याची गरज नाही. ड्रिल कमी पडले तर इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा."

माझ्या धाकट्या बहिणीने नुकताच एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेतला आहे. हा संदेश मला पाठवून तिने विचारले, "दादा, मग बॉटल जॅक (वजन उचलायचा बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक) घ्यायचा राहू दे का?" संदेश एरवी मी वाचून सोडून दिला असता, पण या प्रश्नानंतर ते शक्य नव्हते. लहान मुले आजूबाजूला खेळत असताना कोणी या सूचनेनुसार ट्रेलर उचलून त्याखाली हात घालणार असेल, तर गप्प बसणे योग्य नाही.

जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. कोपऱ्यांचे हे जॅक, म्हणजेच स्टॅबिलायझर, खाली सोडण्यासाठी आणि वर घेण्यासाठी ड्रिल वापरण्यात मुळात काहीही चूक नाही. बहुतेक ट्रेलरच्या या जॅकच्या स्क्रूचे टोक पाऊण इंची षटकोनी असते आणि त्यावर बसणारे, ड्रिलमध्ये लावायचे सॉकेट कॅम्कोसारख्या कंपन्या खास याच कामासाठी विकतात. गुडघे किंवा पाठ दुखणाऱ्या माणसाला चिखलात वाकून चारही कोपऱ्यांवर हँडल फिरवावे लागू नये, ही मोठी सोय आहे. काही ट्रेलरवर तर कारखान्यातूनच विजेवर चालणारे स्टॅबिलायझर बसवून येतात. परंतु मोटर कोणाचीही असली तरी जॅकचे काम बदलत नाही, आणि संदेशाची सारी चूक इथूनच सुरू होते.

स्टॅबिलायझरचे काम ट्रेलर उचलणे हे नाही. ट्रेलरचे वजन आस (अ‍ॅक्सल), चाके आणि टंग जॅक, म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावरचा जॅक, पेलतात. आत कोणी चालले की स्प्रिंगवर बसलेला सांगाडा हलतो. ते हलणे कमी व्हावे म्हणून कोपऱ्यांना दिलेला हा टेकू आहे. एअरस्ट्रीम ही १९३१ पासूनची अमेरिकन कंपनी आहे आणि तिच्या मालक-पुस्तिकेत याविषयी स्पष्ट इशारा छापलेला असतो: ट्रेलरखाली काम करताना किंवा टायर बदलताना ट्रेलर पेलण्यासाठी स्टॅबिलायझर जॅक वापरू नयेत, ते केवळ स्थैर्यासाठी बनवलेले आहेत. ट्रेलर बनवणाराच हे लिहीत असेल, तर संदेश लिहिणाऱ्या अनामिकाने केलेल्या बेरजेला काय किंमत उरते?

ती बेरीज मात्र नीट तपासली पाहिजे, कारण लोकांना पटते ती तीच. ५,००० पाउंड म्हणजे सुमारे २,२७० किलो. जॅकवर लिहिलेला हा आकडा सरळ उभ्या, स्थिर भारासाठी असतो. जॅक त्याच्या पायावर सपाट बसलेला आहे, भार बरोबर मधोमध आहे आणि काहीही सरकत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. कॅम्पग्राउंडवर यांपैकी एकही गोष्ट हमखास नसते. जमीन उतरती असते, रात्री पाऊस झाला की जॅकचा लहानसा पाय एका बाजूने मातीत रुततो, आणि त्या क्षणापासून भार तिरका होतो. हे स्टॅबिलायझर सहसा सिझर जॅक, म्हणजे कात्रीसारखे उघडमीट होणारे जॅक असतात आणि त्यांचे बाहू पत्र्याला घड्या घालून बनवलेले असतात. वरून येणारा भार ते घेतात, पण बाजूने येणाऱ्या रेट्यापुढे त्यांची ताकद फारच थोडी असते. शिवाय चार जॅकची क्षमता एकत्र मोजायची तर चौघांवर सारखा भार हवा. माणूस जॅक एकामागून एक फिरवतो. त्यामुळे जो शेवटी फिरवला जातो त्याच्या कोपऱ्यावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर भार जास्त पडतो आणि उरलेले दोन सैल राहतात.

दुसरी गोष्ट स्क्रूची. सिझर जॅकच्या आडव्या स्क्रूवर येणारा ताण बाहूंच्या कोनावर अवलंबून असतो. बाहू जमिनीशी ४५ अंशांचा कोन करत असतील, तर स्क्रूवरचा ताण वरच्या वजनाइतकाच असतो. जॅक खाली दबलेला असेल आणि कोन १५ अंशांचा असेल, तर तोच ताण वजनाच्या सुमारे पावणेचार पट होतो. म्हणजे दबलेल्या जॅकने उचलायला सुरुवात करणाऱ्याने स्क्रूचे आटे सर्वाधिक ताणाखाली असतानाच त्यांना फिरवायला घेतलेले असते. हँडल हातात असते तेव्हा हे मनगटाला लगेच कळते, कारण हँडल जड होते आणि माणूस आपोआप थांबतो. ड्रिलचा खटका दाबून धरणाऱ्याला मात्र मोटरचा आवाज थोडा खोल झाल्यापलीकडे काहीही कळत नाही.

समजा, जॅकने ट्रेलर उचललाच. तेव्हा एकच कोपरा वर गेल्यामुळे खालची पोलादी फ्रेम पिळली जाते. दार चौकटीत अडकू लागते, खिडक्यांची सीलबंदी सुटते, बाहेरच्या फायबरग्लासच्या आवरणाला कोपऱ्यांत तडे जातात आणि पुढच्या पावसात त्या भेगांतून पाणी भिंतीत शिरते. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही, म्हणूनच 'आम्ही तर नेहमी असेच करतो' असे सांगणारे लोक भेटतात.

ठोकळ्यांविषयीची सूचना या सर्वांत घातक आहे आणि ती वाचून मला खरोखर संताप आला. स्टॅबिलायझर ट्रेलरला पुढेमागे सरकण्यापासून रोखत नाहीत, ते काम चाकांचे आणि चाकांना लावलेल्या ठोकळ्यांचे असते. त्यात जॅकवर ट्रेलर इतका उचलला की चाक जमिनीपासून सुटले, तर त्या चाकाखालच्या ठोकळ्याचाही काही उपयोग उरत नाही. एकाच आसाच्या ट्रेलरची दोन्ही चाके अशी अधांतरी झाली, तर हजारो पाउंडांचा तो डोलारा चार पातळ जॅक आणि टंग जॅक यांच्यावर तोललेला राहतो. तो थोडा जरी पुढे किंवा मागे ढकलला गेला, तरी जॅक एकामागोमाग कलंडतात आणि खाली वाकलेल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. घाटात ट्रक बंद पडला की आपला ड्रायव्हर खाली उतरून सर्वांत आधी चाकामागे दगड लावतो आणि मगच बॉनेट उघडतो. इथेही क्रम तोच आहे.

तो क्रम सांगतो. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच, ज्या बाजूचे चाक खोलगट जागेत असेल त्याखाली फळ्या किंवा रॅम्प घालून डावी-उजवी बाजू समतल करावी. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना ठोकळे घट्ट बसवावेत आणि त्यानंतरच ट्रेलर गाडीपासून सोडवावा. पुढची-मागची पातळी टंग जॅकने जुळवावी. हे सर्व झाल्यावर स्टॅबिलायझर खाली सोडावेत आणि पाय जमिनीला टेकून किंचित दाब आला की थांबावे. जमीन मऊ असेल तर पायाखाली रुंद फळी घालावी. निघताना क्रम उलटा असतो: टंग जॅकला हात लावण्यापूर्वी चारही स्टॅबिलायझर वर घ्यावेत. टायर बदलायचा असेल तर ट्रेलरच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, पुरेशा क्षमतेचा बॉटल जॅक लावावा. टॉर्शन आस (स्प्रिंगऐवजी नळीच्या आत रबर असलेली आस) असलेल्या ट्रेलरमध्ये तो आसाच्या नळीखाली लावू नये. म्हणून बहिणीला मी सांगितले की बॉटल जॅक आधी घे, ड्रिलचे सॉकेट नंतर.

आता ड्रिल कसे वापरावे, ज्याविषयी संदेशात एक ओळही नाही. ड्रिल पहिल्या, म्हणजे हळू चालणाऱ्या गिअरवर ठेवावे आणि क्लचची, म्हणजे ठरावीक पिळानंतर फिरवणे सोडून देणाऱ्या यंत्रणेची, कडी कमी आकड्यावर लावावी. पाय जमिनीला टेकून दाब आला की क्लच कटकट वाजतो, आणि तीच थांबण्याची खूण असते. आकडे प्रत्येक कंपनीच्या ड्रिलवर वेगळे असल्यामुळे खालून सुरुवात करून आपला आकडा आपणच ठरवावा. जास्त इजा होते ती जॅक वर घेताना, कारण निघायची घाई असते. जॅक पूर्ण मिटला तरी ड्रिल फिरतच राहिले, तर लोखंडावर लोखंड अडते आणि सारा पीळ उलटा मनगटात येतो. कडी ड्रिलच्या चिन्हावर असेल, तर तिथे क्लच सुटतच नाही. मनगट मुरगळते किंवा जॅकच्या नटचे आटे जातात. वर घेतानाचा शेवटचा अर्धा फेरा म्हणूनच हँडलने घ्यावा.

इम्पॅक्ट ड्रायव्हरविषयी थोडक्यात सांगतो. तो फिरवता फिरवता ठोके मारतो आणि सहसा त्याला पीळ मर्यादित करणारा क्लच नसतो. ज्या स्क्रूला हळूवार दाबावर थांबवायचे आहे, त्यासाठी हे साधन योग्य नाही. जॅक फिरायला जड जात असेल तर ताकद वाढवण्याऐवजी स्क्रू साफ करून त्याला कोरडे वंगण द्यावे, कारण ग्रीसवर रस्त्याची धूळ बसून आटे झिजतात. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा कर्कश आवाज हा आणखी एक प्रश्न आहे: अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते, आणि उशिरा पोहोचणाऱ्या कुटुंबाने शेजारच्या तंबूतील लोकांना त्या आवाजाने जागे करू नये.

हँडल फेकून देण्याचा सल्लाही ऐकू नये. थंडीत किंवा लांबच्या प्रवासात ड्रिलची बॅटरी उतरलेली निघाली आणि चारही जॅक खाली असले, तर त्याच हँडलशिवाय ट्रेलर जागचा हलवता येणार नाही. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला आहे, त्यांनी त्यातील सॉकेट आणि ड्रिलची ओळ खुशाल ठेवावी. पण उचलण्याची, टायरची आणि ठोकळ्यांची वाक्ये चुकीची असल्याचे त्याच गटात, त्याच लोकांना आजच कळवावे.