हॅझर्डच्या तक्रारीला उत्तर: फ्लॅशर का बदलला, आणि आता दोष कुठे शोधायचा

नमस्कार साहेब,

तुम्ही आमच्या गॅरेजला एक स्टार देऊन लिहिलंय की मोटरसायकलचा हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणं) दुरुस्त करून नेला आणि आठवड्याच्या आत चोर्ला घाटात पावसात बंद पडला, चांगला फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारा पार्ट) उगाच बदलून आम्ही पैसे लावले, आणि "एलईडी कुणी बसवले?" हा मेकॅनिकचा प्रश्न तुम्हाला टोमणा वाटला. धुक्यात, मागून ट्रक येत असताना कडेला उभ्या गाडीचे दिवे जाणं ही साधी गोष्ट नाही. म्हणून काय केलं आणि का केलं, ते सगळं इथंच सांगतो.

गाडी आली तेव्हा तक्रारी दोन होत्या. हॅझर्डचं बटण दाबलं की चारही दिवे न लुकलुकता पेटून राहायचे. आणि नुसता डावा इंडिकेटर दिला तरी चारही लुकलुकायचे. दिसायला एकच दुखणं, पण कारणं वेगळी.

गाडीत होता तो दोन पिनांचा जुन्या पद्धतीचा फ्लॅशर दिव्यांनी ओढलेल्या करंटवर चालतो. एका बाजूला १० वॅटचे दोन बल्ब, असा त्याचा हिशोब. तुमच्या गाडीला बाहेरून एलईडी बसवलेत, ते एकेक दीड-दोन वॅटचे. चारही मिळून एका बल्बाएवढा लोड होत नाही, मग तो फ्लॅशर करंट चालू-बंद करतच नाही. मेकॅनिकनं एलईडीचं विचारलं ते एवढ्याचसाठी. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा पार्ट ठरत नाही. तुमचा फ्लॅशर जळलेला नव्हता हे बरोबर आहे, म्हणून तर तो पिशवीत घालून परत दिला. बल्ब लावले तर आजही चालेल. त्या जागी तीन पिनांचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घातलाय: एक वायर बॅटरीकडून, एक दिव्यांकडे, तिसरी अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी. लोड कितीही कमी असला तरी तो मिनिटाला ६० ते १२० च्या मधेच लुकलुकतो. काही जण फ्लॅशर तोच ठेवून १० ओमचे रेझिस्टर लावून देतात. आम्ही ते करत नाही. असा एक रेझिस्टर दिवा पेटलेला असताना १४ वॅटच्या आसपास उष्णता काढतो, प्लॅस्टिकला टेकला तर ते वितळतं.

डाव्याबरोबर उजवे का लुकलुकायचे? तुमच्या मीटरवर दोन्ही बाजूंना मिळून इंडिकेटरचा एकच हिरवा दिवा आहे. त्याचं एक टोक डाव्या वायरला, दुसरं उजव्या. डावी बाजू चालू झाली की करंट त्या छोट्या दिव्यातून उजवीकडे जाऊन तिथून अर्थ गाठतो. तिकडे १० वॅटचा बल्ब असेल तर तेवढ्या करंटवर त्याची तार तापतसुद्धा नाही, म्हणून कंपनीच्या बल्बांवर हे कधी दिसत नाही. एलईडीला मात्र तेवढा पुरतो. उपाय म्हणून दोन्ही बाजूंकडून एकेक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा पार्ट) आणून त्यांची चंदेरी पट्टीची टोकं हिरव्या दिव्याच्या एका बाजूला जोडली, आणि दिव्याची दुसरी बाजू अर्थ केली. बिलात "डायोड २ नग" म्हणून लिहिलंय ते हेच.

आता घाटातलं. तुम्ही लिहिलंय की हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की दिवे परत यायचे. साहेब, सगळ्यात कामाची माहिती हीच आहे. फ्लॅशर सीटखाली आहे, हँडलबरोबर तो हलत नाही. हलतात त्या हँडलच्या मानेजवळून टाकीखाली जाणाऱ्या वायरी. हॅझर्डचा स्विच बसवणाऱ्यानं तिथंच वायरी पिळून वर नुसती टेप मारलेली आहे. जॉब कार्डावर "टाकीखालचे जोड बदलावेत" असं लिहिलं होतं. तुम्हाला घाई होती, तुम्ही "आता नको" म्हणालात, आम्हीही आग्रह केला नाही. असा जोड उन्हाळ्यात ठीक चालल्यासारखा वाटतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात टेपच्या आत शिरलेलं पाणी तारांमधून पुढे सरकतं, तांबं हिरवं पडतं, आणि हँडल वळवताना उरलेल्या चार तारा तुटतात.

यायच्या आधी घरी एवढं बघा. इंजिन बंद, चावी चालू, हॅझर्ड चालू. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. जिथं दिवे जातात तिथंच थांबून मानेजवळची वायर हातानं हलवा. मग हॅझर्ड बंद करून डावा-उजवा इंडिकेटर वेगवेगळा द्या. दोन्ही नीट चालले आणि फक्त हॅझर्ड मेला असेल तर फ्लॅशर चांगला आहे, दोष हॅझर्डच्या स्विचकडे जाणाऱ्या वायरीत. दोन्ही बंद असतील तर आधी फ्यूज बघा. तो ठीक असेल तर फ्लॅशरचा कपलर (वायरींचा प्लग) काढून बॅटरीची आणि दिव्याची वायर तुकड्यानं जोडा आणि इंडिकेटर द्या. दिवे सलग पेटले तर दोष फ्लॅशरमधे किंवा त्याच्या अर्थच्या वायरीत. तिसऱ्या, अर्थच्या वायरीला तो तुकडा लागू देऊ नका, फ्यूज उडेल.

फ्लॅशर किंवा डायोड गेला असेल तर एक पैसा लागणार नाही, दोन्हीवर सहा महिन्यांची आमची गॅरंटी आहे. वायर असेल तर टाकी उतरवून स्विचपासून सीटखालपर्यंत अखंड नवी वायर घालावी लागेल, मानेजवळ थोडी सैल सोडून. जोड फक्त सीटखाली, सोल्डर करून वर स्लीव्ह. वळणाच्या जागी सोल्डर नको, त्याच्या शेजारीच वायर तुटते. वायर, स्लीव्ह आणि वॉटरप्रूफ कपलर मिळून ₹२५०, मजुरी ₹४००. दोनेक तास लागतील, सकाळी आलात तर बरं.

आणखी एक, चोर्लातून जाणाऱ्या सगळ्यांसाठीच. धुक्यात हॅझर्ड लावून गाडी चालवू नका. चारही लुकलुकत असताना तुम्ही वळताय की थांबलाय हे मागच्याला कळत नाही. चालताना लो बीम ठेवा, कडेला थांबल्यावर हॅझर्ड.

येईपर्यंत त्या जोडावर आणखी टेप मारू नका, प्रेशरच्या पाण्यानं गाडी धुऊ नका. आणि कुणी हॅझर्डचा स्विच बदला म्हणालं तर थांबा. तो आम्ही उघडून तपासलाय, चांगला आहे.