होतकरू यादी-व्यवस्थापकांस चार हिताचे शब्द

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधील एखाद्या क्लबाच्या खेळाडूंची यादी सांभाळण्याचे भाग्य आपल्या वाट्याला आले, तर प्रथम थैली घरी ठेवावी, कारण युरोपातील फुटबॉलप्रमाणे येथे खेळाडू रोख मोजून घेता येत नाही. हंगाम संपल्यावर, बहुधा ऑक्टोबरात, भरणाऱ्या या बाजारात खेळाडूच्या बदल्यात दुसरा खेळाडू तरी द्यावा लागतो किंवा ड्राफ्टमधील, म्हणजे तळाच्या संघापासून सुरू होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, क्रमांक तरी. घासाघीस बोहारणीला लाजवील अशी चालते, फरक इतकाच की येथे साडीचीही संमती घ्यावी लागते.

करार मात्र सढळ हाताने लिहावेत आणि वेतनाचा मोठा वाटा शेवटच्या वर्षांवर ढकलावा. साऱ्या खेळाडूंच्या एकूण वेतनाला लगाम घालणारी वेतनमर्यादा नावाची काही वस्तू आहे, हे ती वर्षे उजाडल्यावर आठवले तरी चालते. गोल्ड कोस्ट क्लबाने 2022 साली जॅक बोझचे वेतन दुसऱ्या कोणी सोसावे म्हणून त्याला जिलाँगकडे धाडताना सोबत ड्राफ्टमधील सातवा क्रमांकही देऊन टाकला आणि बदल्यात पुढे केव्हातरी येणाऱ्या तिसऱ्या फेरीतील एका निवडीवर समाधान मानले. जिलाँगने नुकतेच विजेतेपद पटकावले होते. ड्राफ्टची योजना दुबळ्या संघांना सावरण्यासाठी आहे, हा विषय अशा वेळी काढू नये.

कोणी जाऊ म्हणाला तर त्याला अडवूनही पाहावे. एसेंडनने 2019 साली जो डॅनिहरला सिडनीकडे सोडले नाही. वर्षभराने करार संपताच तो मुक्त खेळाडू म्हणून ब्रिस्बेनला गेला आणि 2024 मध्ये तेथे विजेता होऊन निवृत्तही झाला.

निष्ठेविषयी भरभरून बोलावे, पण ती खेळाडूकडूनच अपेक्षावी. कॉलिंगवूडने 2020 च्या हंगामानंतर स्टीफन्सन आणि फिलिप्स यांच्यासह अ‍ॅडम ट्रेलोरलाही निरोप दिला. त्याचा करार 2025 पर्यंतचा होता आणि त्याला जायचे नव्हते, तरी व्यवहार मुदतीच्या अखेरच्या क्षणी उरकला गेला, आणि वेस्टर्न बुलडॉग्जसाठी खेळणाऱ्या ट्रेलोरच्या वेतनाचा काही भाग कॉलिंगवूडच भरत राहिले. पुढच्याच वर्षी बुलडॉग्ज अंतिम सामन्यात पोहोचले आणि कॉलिंगवूड 18 संघांत 17 वे आले. आपल्यावर असा प्रसंग आल्यास मान खाली घालून थांबावे. कॉलिंगवूडला 2023 मध्ये विजेतेपद मिळालेच. तसे काही घडले, तर हे सारे आधीच ठरले होते, असे पत्रकारांना निर्विकार चेहऱ्याने सांगावे.