रिव्हेट मोजणाऱ्यांच्या बाजूने (आणि थोडं विरोधात)

लढाऊ विमानांच्या चित्रांवरचा लेख आवडला. पण त्यातलं ‘चित्रात भावना महत्त्वाची, तपशिलांची चिकित्सा करणारे (म्हणजे विमानाचे रिव्हेटसुद्धा मोजणारे) रसभंग करतात’ हे काही पटलं नाही बुवा. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईचं चित्र म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी प्रिंट्समध्ये स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाला चार पात्यांचा प्रोपेलर आणि दोन्ही पंखांखाली सारखे रेडिएटर दिसतात. हे मार्क ९ या नंतरच्या आवृत्तीचं रूप, म्हणजे १९४२ चं. १९४० च्या स्पिटफायरला तीन पाती, उजव्या पंखाखाली रुंद रेडिएटर आणि डाव्याखाली छोटासा ऑइल कूलर. आणि स्पिटफायरच्या पंखांवर काळे-पांढरे पट्टे (नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळचे) दिसले तर समजावं की चित्रातला प्रसंग बहुधा जून १९४४ च्या आधीचा नाही. असा घोळ घालून वर ‘भावना’ म्हणायचं, हे आळसाचं पांघरूण झालं.

उलट बाजूही आहे म्हणा. ब्रिटिश चित्रकार पॉल नॅशचं ‘टोटेस मेअर’ (जर्मनमध्ये ‘मृत समुद्र’) लंडनच्या टेट कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. ऑक्सफर्डजवळच्या काउलीत साठवलेल्या विमानांच्या भंगारावरून त्याने ते १९४०-४१ मध्ये रंगवलं. वाकलेले पंख, फाटके पत्रे चांदण्यात लाटांसारखे किनाऱ्यावर आदळतायत. कुठल्याही विमानाचं मॉडेल धड सांगता येत नाही, आणि तरी जर्मन क्रॉस तेवढे नेमके डोळ्यात भरतात. ते चित्र लेखात यायलाच हवं होतं. त्याऐवजी सूर्यास्तात उडणारी तीन-तीन मस्टँग (अमेरिकन लढाऊ विमानं) कशाला? कॅलेंडरवर ती ढिगाने मिळतात.