बामणोदचं जनावर

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात १९६९ पासून अभयारण्य आहे. सातपुड्याच्या त्या जंगलात बिबट्या आहे, म्हणून लोक जपून जातात. पण त्याच तालुक्यात, डोंगर उतरून खाली बामणोदच्या काळ्या रानात जे जनावर राहतं, त्याच्याबद्दल सावध करणारी पाटी कुठेच नाही. जावई म्हणून पहिल्यांदा तिकडे गेलो, तेव्हा मलाही कुणी काही बोललं नाही.

जनावराचं नाव भरिताचं वांगं. पुण्यात मिळतं ते जांभळं, चकचकीत वांगं माणसाळलेलं असतं. गॅसवर ठेवलं तरी गप्प राहतं. हे रानटी. अंगानं हिरवट-पांढरं, म्हणजे पानाआड दबा धरून बसलं की दिसत नाही. एकेक अर्धा किलोचं. डोक्यावर हिरवी टोपी, टोपीला काटे. २०१६ साली जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गुरांच्या कानात बिल्ला मारतात तसंच ते, पण त्यानं काही माणसाळलं नाही. बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही त्याची भावकी, असं वनस्पतिशास्त्र सांगतं. मिरचीकडे बघून ते लगेच पटतं. बटाट्याकडे बघून पटत नाही, पण भावकीत एखादा गरीब असतोच.

चातुर्मासात शिकारबंदी असते. खरं तर तो कार्तिकीला संपतो, पण सासूबाई बंदी चंपाषष्ठीपर्यंत ओढतात. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की जी शिकार सुरू होते, ती थंडी सरेपर्यंत थांबत नाही. रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतात भरीत पार्टी. (बामणोदजवळच्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, ते नेमकं डिसेंबरात. माझा आपला संशय.)

आमच्या पार्टीला साठ माणसं होती. मेहुण्यानं मला बाजारात नेऊन शिकार निवडायला शिकवलं: हातात घ्यायचं, आकाराच्या मानानं हलकं लागलं तर पिशवीत टाकायचं. जड म्हणजे पोटात बिया. मी पंचवीस किलो जोखली. तेवढ्यावरून मी जाणकार ठरलो आणि भट्टी माझ्याकडे आली.

कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ तोंडाळ माणसासारखा असतो. भडकतो पटकन, विझतोही पटकन. सतत काड्या घालत राहावं लागतं. धूर जावयाच्याच बाजूला येतो. मी डोळे पुसत वांगी रचली आणि ऐटीत मागे सरलो.

पहिला आवाज झाला तेव्हा वाटलं, पोरांनी फटाका टाकला. दुसऱ्या आवाजाला गर माझ्या चष्म्यावर होता. तिसऱ्याला मी विहिरीच्या कठड्याआड होतो.

लिंबाखालच्या बाजेवरून सासऱ्यांचा शांत आवाज आला, "जवाईबापू, टोचलं नव्हतं का त्याले?"

टोचायचं असतं. आत वाफ कोंडते, तिला वाट द्यायची असते. ही गोष्ट त्या शेतातल्या चार वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होती. तिनंच ती मला मग हात कमरेवर ठेवून समजावून सांगितली.

पुढची कामगिरी बायकांनी ताब्यात घेतली. बोटं पाण्यात बुडवत त्यांनी वाफाळती कातडी सरसर सोलली. मी एक सोलायला गेलो, तर मोबाइलनं दोन दिवस माझं बोट ओळखलं नाही. मग गर लाकडी बडगीत गेला, हिरवी मिरची आणि लसणासोबत ठेचला गेला, वर शेंगदाणे, कांद्याची पात, तेल. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर पहिला घास घेतला आणि भावकी म्हणजे काय ते कळलं. वांगं मेलं होतं, पण मिरची सूड घ्यायला हजर होती. नाकाडोळ्यांतून पाणी गाळत मी तिसरी भाकरी मागितली तेव्हा सासरे पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

निघताना सासूबाईंनी पाच किलो वांगी पिशवीत घातली. रात्रीच्या गाडीत समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी पिशवीकडे बघितलं, जरा वाकून वास घेतला आणि हळूच विचारलं, "बामणोदची का?"

मी हो म्हणालो. मनमाड गेलं तरी त्यांची नजर पिशवीवरून हटेना. शेवटी मी तिचे बंद पायाला बांधले आणि बसूनच झोपलो.