अंगकोर पाहावे न पाहून

कंबोडियाला जायचं ठरलं असेल तर आधी मनाशी एक गोष्ट पक्की करा : आपण तिथे काही नवीन बघायला चाललेलो नाही. आपलंच जे तिकडे राहून गेलंय ते मोजून यायला चाललोय. शेजारणीकडे गेलेला डबा परत आणायला जातो ना, तसं. ही भूमिका एकदा घेतली की सात रात्री-आठ दिवस मजेत जातात. डब्याशी मतलब, घर कुणाचं आहे हे बघत बसावं लागत नाही.

तयारी नेहमीचीच. खाकरे, भाजणीच्या चकल्या, मेतकूट, आणि तेल गळू नये म्हणून तीन पिशव्यांत एकात एक घातलेलं लोणचं. पत्रकात 'रोज भारतीय जेवण' छापलेलं असतं, कंपनीचे महाराजही सोबत येतात, तरी न्याच. कंबोडियात तांदूळ पिकतो या अफवेवर विसंबू नका. तिथली माणसं तिन्ही त्रिकाळ भात खातात हे कळलं तेव्हा आमच्या बसमधल्या एका काकूंना भरून आलं. "म्हणजे आपल्यासारखेच की गं!" हे वाक्य पाठ करून ठेवा, दिवसातून वीसेकदा लागतं. जेवणाच्या वेळी त्याचं दुसरं रूप वापरायचं : "आपल्यासारखं नाही बाई." तिकडे मासे कुटून, मीठ लावून, महिनोन् महिने मुरवून त्याचं 'प्राहोक' करतात आणि ते पानात असल्याशिवाय ख्मेर, म्हणजे तिथल्या, माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही. त्याचा वास आला की नाकाला रुमाल लावायचा. ज्यांच्या घरी पावसाळ्याच्या बेगमीला सोडे, सुकट नि खारा बांगडा डब्यात बंद असतो त्यांनी तर सर्वांच्या आधी लावायचा.

गाइड स्थानिक असतो, तसा तिथला नियमच आहे. त्याचं नाव विचारू नका, आणि विचारलंच तर लक्षात ठेवू नका. आमच्या गाइडच्या नावात कुठेतरी 'सोफ' असं काहीतरी होतं, म्हणून विमानतळावरून हॉटेलला पोचेपर्यंत त्याचा सोपान झाला. तोही ओ देऊ लागला. बिचाऱ्याचं इंग्रजी उत्तम होतं, हिंदी कामापुरतं होतं, आणि शिलालेखांतली संस्कृत नावं तो आमच्यापेक्षा स्वच्छ उच्चारायचा. हे आम्ही त्याला लक्षात येऊ दिलं नाही.

अंगकोर म्हणजे ख्मेर राजांची जुनी राजधानी, तिथल्या सगळ्या देवळांचा मिळून एक दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. वर तुमचा फोटो छापून देतात. इथे पहिला निषेध नोंदवायचा : "आपलंच देऊळ, आणि आपल्यालाच तिकीट?" वेरूळला आपण परदेशी माणसाकडून कितीपट घेतो, हा विषय त्या रांगेत काढू नये.

मग सूर्योदय. पहाटे चारला उठवतात, पाचला अंगकोर वाट या मुख्य देवळाचं दार उघडतं, आणि अंधारात सगळं जग डाव्या हाताच्या तळ्याकडे पळत सुटतं, कारण पाच शिखरांचं प्रतिबिंब तिथे पडतं. तळ्याकाठी पंढरीच्या वारीइतकी दाटी, फक्त टाळांऐवजी मोबाइल. फोटोत तुमच्यापुढच्या माणसाचा मोबाइल येईल, त्या मोबाइलमध्ये त्याच्यापुढच्या माणसाचा मोबाइल. एवढ्या धामधुमीत सोपान सांगत होता, की देऊळ पश्चिमाभिमुख आहे, म्हणून सूर्य त्याच्या पाठीमागून वर येतो. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने हे विष्णूसाठी बांधलं. भिंतींवरची शिल्पं प्रदक्षिणेच्या उलट दिशेने वाचायची आहेत. आणि यावरून काही अभ्यासक म्हणतात की हे राजाच्या अंत्यविधीशी जोडलेलं देऊळ असावं, तर काहींना ते पटत नाही. आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी वाद एका शब्दात मिटवला. "वास्तुदोष." मग थोडं थांबून, "म्हणूनच राज्य बुडालं."

हे जमलं पाहिजे. गाइड बोलायला लागला की त्याच्या आधी उत्तर द्यायचं. कुरुक्षेत्राच्या भिंतीशी आलात, शरपंजरी भीष्म दिसले, की लगेच : "भीष्म! माहितीये, पुढे चला." पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन आहे, जवळजवळ पन्नास मीटर लांब, एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मधे वासुकी ताणलेला. "समुद्रमंथन! माहितीये." आपल्याला गोष्ट माहीत असली की शिल्प बघावं लागत नाही. सोपानला बहुधा दाखवायचं होतं की देवांच्या रांगेत शेपटीच्या टोकाला एक वानर कसा दोर धरून उभा आहे, आणि आपल्या पुराणात तो तिथे नसतो. म्हणजे ख्मेर कारागिरांनी गोष्ट नुसती उतरवून घेतलेली नाही, आपल्या हाताने पुन्हा सांगितलीय. पण तोवर आमचा गट सावली शोधत पुढे गेला होता आणि वानराशी मी एकटाच होतो. मीही फार वेळ थांबलो नाही, नाश्त्याची पाकिटं वाटत होते.

"आपल्या लोकांनी बांधलं बघा!" हे मोठ्याने म्हणायला विसरू नका, शक्यतो सिक्युरिटीवाल्याला ऐकू जाईल असं. राजा ख्मेर, पाथरवट ख्मेर, दगड कुलेनच्या डोंगरातला, तो वाहून आणणारे हात ख्मेर, नऊशे वर्षं तिथे दिवा लावणारे ख्मेर, आणि देशाच्या झेंड्यावर त्याचं चित्र काढणारेही ख्मेर. एवढं सोडलं तर सगळं आपलंच.

पश्चिमेच्या दारातच उजव्या हाताला पुरुषभर उंचीहून बरीच मोठी विष्णूची मूर्ती उभी आहे. आठ हात, अंगावर भगवं-पिवळं रेशमी वस्त्र, पुढे उदबत्त्यांचं वाळूचं भांडं, केळी, कमळाच्या कळ्या. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारी चटईवर पाय दुमडून बसली होती. कापलेले पांढरे केस, तोंडात विडा, दोन्ही हातांत मिळून तीन उदबत्त्या. सोपान हळूच म्हणाला, "ता रीच." ता म्हणजे आजोबा. तिथली माणसं या मूर्तीला आजोबा म्हणतात, गावराखणीचा देव मानतात, नवस बोलतात. आपल्याकडे वेशीवरच्या म्हसोबाशी जसं बोलतो तसं त्याच्याशी बोलतात. देवळाचा विष्णूकडून बुद्धाकडे प्रवास झाला, राजे गेले, सयामी आले, फ्रेंच आले, आजोबा आपले तिथेच.

काकांनी हात मोजले. "आठ आहेत. विष्णूला चार असतात. चुकलंय." मग त्यांनी म्हातारीला हिंदीत समजावून सांगितलं, की हे आजोबा वगैरे काही नाहीत, हे विष्णू आहेत, विष्णू, हमारे. म्हातारीने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि चटईवर सरकून त्यांना बसायला जागा केली. काकांच्या पायांत बूट होते. ते म्हणाले, "राहू द्या," आणि आम्ही निघालो.

सर्वांत वरच्या मजल्यावर जायला शिडीसारखा उभा जिना आहे आणि खांदे-गुडघे झाकलेले लागतात. अर्ध्या चड्डीतले आमचे तिघे खालीच अडले. "आपलाच देव आणि आपल्यालाच मज्जाव!" तिघांपैकी एकजण गावच्या देवस्थानाचे विश्वस्त आहेत. 'तोकड्या कपड्यांत प्रवेश नाही' हा फलक त्यांनीच लावून घेतलाय.

ता प्रोह्म या दुसऱ्या देवळात झाडासमोर रांग लावून फोटो काढा. कुठल्या झाडासमोर, ते विचारावं लागत नाही, रांग दिसते. भिंतीवर अजगरासारखी मुळं पसरलेलं ते झाड एका हॉलिवूडच्या सिनेमात आलं होतं. सातव्या जयवर्मन राजाने ११८६ साली आईच्या स्मरणार्थ हा विहार उभारला होता, हे त्यामानाने कमी महत्त्वाचं. आपलं भारतीय पुरातत्त्व खातं तिथे वीसेक वर्षं डागडुजीचं काम करतंय, तो फलक मात्र सापडल्याबरोबर छाती काढून उभे राहा. इथे 'आपल्या लोकांनी केलं' हे खरं आहे, आणि नेमकं तिथेच आमच्या गटाने फलक न वाचता शहाळी घेतली.

देवळाच्या वाटेवर एका मांडवात सहा-सातजण वाद्यं वाजवत बसलेले असतात. कुणाचा डोळा नाही, कुणाचा पाय. काढून ठेवलेले कृत्रिम पाय शेजारी नीट एका ओळीत, देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तसे. पाटीवर चार-पाच भाषांत लिहिलेलं असतं, की आम्ही भूसुरुंगांत जखमी झालो, भीक मागत नाही, वाजवतो. आमच्या ग्रुपवर त्या रात्री फोटो आला : 'लाइव्ह म्युझिक. मस्त अ‍ॅम्बियन्स.' खाली सतरा अंगठे. एक माझाही होता.

बसमधल्या वेळाचं काय करायचं, हाही प्रश्न असतो. सोपानने एकदा माइक हातात घेतला आणि सांगायला लागला, की १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजचे, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट बंडखोरांचे, सैनिक राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरले आणि सगळं शहर रिकामं करून माणसं शेतांत हाकलली. पुढच्या पावणेचार वर्षांत सुमारे १७ लाख माणसं मेली, उपाशी, आजारी, मारलेली. त्याची आई तेव्हा नऊ वर्षांची होती, तिला... एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "अहो, 'म' आलाय, 'म'!" अंताक्षरी सकाळपासून अर्धवट राहिली होती. टूर मॅनेजरने अतिशय सौजन्याने माइक काढून घेतला. सोपान पुढच्या सीटवर बसला आणि गटाचं निशाण, म्हणजे काठीला बांधलेलं केशरी फडकं, उलगडून पुन्हा नीट गुंडाळू लागला. त्या नऊ वर्षांच्या मुलीचं काय झालं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. 'म' वर मात्र सव्वीस गाणी झाली.

आता नदीकाठची गावं. यासाठी लाइफ जॅकेट घट्ट बांधा, कारण पुढचं वाक्य म्हणताना तोल जाण्याचा संभव असतो : "किती गरिबी आहे, पण चेहऱ्यावर समाधान बघा!"

तोनले साप हे सरोवर विलक्षण आहे. पावसाळ्यात मेकाँग नदीला पूर आला की तिचं पाणी तोनले साप नदीत घुसतं आणि नदी चक्क उलटी, सरोवराच्या दिशेने वाहू लागते. उन्हाळ्यात अडीच हजार चौरस किलोमीटरचं पाणी पसरत पंधरा हजारांच्या घरात जातं. जंगल बुडतं, बुडालेल्या झाडांत मासे वाढतात, पाणी ओसरताना ते जाळ्यात येतात, आणि अख्ख्या देशाचं ताट त्यावर भरतं. नोव्हेंबरच्या सुमारास नदी पुन्हा फिरते, त्याचा सण करतात, नावांच्या शर्यती लावतात. हे ऐकून आमच्यातल्या पाटबंधारे खात्यातल्या एका साहेबांनी विचारलं, "पंप कुठे बसवलेत?" उत्तर ऐकून त्यांना थोडा अपमान झाल्यासारखं वाटलं. कुणाचंही टेंडर न निघता नदी उलटी फिरते, ही गोष्ट त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत बसत नव्हती.

आम्ही गेलो मे महिन्यात, शाळांना सुट्टी म्हणून. पाणी आटलेलं, आणि घरं दोन-दोन मजले उंच खांबांवर उभी. पाणी चढलं की हीच घरं पाण्यालगत येतात, आणि शिडीखाली नाव बांधायची. एवढा हिशेब त्या खांबांत आहे. आमच्या बोटीत मात्र "पूरग्रस्त आहेत वाटतं" असं ठरलं आणि पोरांना गोळ्या वाटायचं निघालं. वाटताना रांग लावा, आणि गोळी घेताना पोराने कॅमेऱ्याकडे बघितलं पाहिजे.

आणि घरांत डोकवा. दारं नसतातच. एक बाई ओट्यावर बसून मासे साफ करत होती, सुरीने एका फटक्यात खवलं उडवत. तिच्यामागे टीव्ही, भिंतीवर लग्नाचा मोठा फोटो, दोरीवर शाळेचा पांढरा सदरा. आम्ही तिसाच्या तीसजण बोटीच्या त्या अंगाला गेलो, बोट कलली, तिसांचे मोबाइल वर. तिने हात पुसले, मागच्या फळीवरचा आपला मोबाइल उचलला आणि आमचा फोटो काढला. नारिंगी जॅकेटं, पांढऱ्या टोप्या, एकाच्या हातात चकलीचा डबा. मग तिने मोबाइल शेजारच्या मुलीला दाखवला, दोघी पोट धरून हसल्या.

"न विचारता काढला!" काकू म्हणाल्या. परतीच्या वाटेवर बराच वेळ हीच चर्चा होती.

सहलीत पुढे व्हिएतनामही असतं, ते झपाट्याने उरका. मेकाँगच्या मुखाशी 'मी थो' नावाचं शहर, तिथली चार बेटं, होडीतली वीस मिनिटं, डोक्यावर पानांची टोकदार टोपी, गळ्यात कुणाचा तरी माणसाळलेला अजगर, हातात नारळाच्या वड्या. "आमच्या कोकणात याहून चांगल्या होतात," हे वडी तोंडात असतानाच म्हणावं. काय रांगच्या तरंगत्या बाजारात होडीवर उंच बांबू उभा करून विकायचा माल त्याला टांगतात, अननस तर अननस, भोपळा तर भोपळा. पहाटे पोचलात तर दिसतो. आम्ही नाश्ता करून पोचलो, तेव्हा एक बांबू होता.

घरी आल्यावर नातेवाइकांना बोलवा, पोहे करा, टीव्हीला मोबाइल जोडा आणि अकराशे फोटो दाखवा. कोणतं देऊळ कोणतं ते विसरलं असेल तर "हे पण आपलंच" म्हणून पुढे सरकवायचं. तळ्यातल्या शिखरांचा एक फोटो त्यातल्या त्यात बरा आलाय. फक्त उजव्या कोपऱ्यात केशरी फडकं धरलेला कुणीतरी अर्धा मध्ये आलाय, तोंड उघडं, काहीतरी सांगतोय. क्रॉप करून टाका. मग छान येतो.