बंदर सोडून सगळं पाहा

क्रूझचं बुकिंग झालं, केबिन मिळाली, बॅगा भरून झाल्या. आता प्रश्न उरतो तो बंदराच्या दिवशी कुठल्या सहलीला जायचं हा. यादी लांबलचक असते, पण घाबरू नका. सगळ्या सहली अंतराप्रमाणे लावा आणि सगळ्यात लांबची उचला. जहाजाच्या शिडीवरून उतरून जिथे पायी जाता येतं, तिथे बघण्यासारखं काय असणार? असतं तर ते इतक्या जवळ ठेवलं असतं का?

काही रडतराऊत या टप्प्यावर हिशेब मांडतात. जहाज सकाळी सातला लागणार, संध्याकाळी सातला सुटणार, म्हणजे बारा तास. त्यातून उतरायची रांग वजा. सुटायच्या निदान अर्धा तास आधी आत असावं लागतं, तो वजा. जायचे तीन तास, यायचे तीन तास, जेवण, स्वच्छतागृहासमोरची रांग, हरवलेल्या काकांचा शोध, सगळं वजा. हा वजाबाकीचा नाद वाईट. माहितीपत्रकात ‘सुमारे ११ तास’ छापलंय ना? मग ते अकराही तास तुमचे. बसमधले तास वेगळे काढून मोजणं म्हणजे शुद्ध कोतेपणा.

मुळात जहाज कंपन्यांनीच तुमचं काम किती सोपं केलंय बघा. वेळापत्रकात ‘पॅरिस’ असं ठळक छापलेलं असतं आणि त्याच्या शेपटाला बारीक अक्षरात खऱ्या बंदराचं नाव, ‘ल हाव्र’. दोन्हींत साधारण २०० किलोमीटरचं अंतर आहे. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचं वार्नेमुंडे, तिथून बर्लिन सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. ‘रोम’ म्हणजे चिवितावेक्किया, ऐंशीएक किलोमीटर. ‘बँकॉक’ म्हणजे लाएम चाबांग, सव्वाशेच्या आसपास. जिथे समुद्रच नाही तिथे जहाज नेऊन लावल्याचं श्रेय ज्यांना घेता येतं, त्यांच्यावर आपण शंका घ्यायची म्हणजे फारच झालं.

तर समजा, तुम्ही पॅरिस घेतलंत. शाब्बास. सकाळी सव्वासातला जहाजाच्या थिएटरमध्ये हजर व्हायचं. रात्री जिथे जादूगार पत्ते गायब करत होता, तिथे आता तीनचारशे माणसं पाठीला पिशव्या लावून अर्धवट झोपेत बसलेली असतात आणि माइकवरून आकडे पुकारले जात असतात. तुमच्या छातीवर सतरा नंबरचा गोल स्टिकर लावला जातो. हा स्टिकर नीट सांभाळा. तो आधी शर्टावर असतो, मग जॅकेट घातल्यावर जॅकेटवर जातो, मग बाहीवर, दुपारी जॅकेट काढलं की कुठे जातो ते कळत नाही, आणि रात्री पँटच्या मागच्या बाजूला सापडतो. दिवसभर सोळा नंबरवाले तुमच्याकडे बघून का हसत होते, याचा उलगडा तेव्हा होतो.

बस सुटली की गाइडबाई पहिला अर्धा तास नॉर्मंडीचा इतिहास सांगतात. पुढे बघतात तर सगळी बस मान टाकून झोपलेली. मग त्याही माइक खाली ठेवतात. हा दिवसातला सर्वांत प्रामाणिक काळ. मध्ये महामार्गावर एक थांबा होतो. तिथे आपल्याच जहाजाच्या चार बसेस एकदम पोचलेल्या असतात, त्यामुळे तुम्हाला ओळखीची माणसं भेटतात आणि रांगेत गप्पांना वेळच वेळ मिळतो. (युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती देणं कायद्याने बंधनकारक आहे. प्रवाशांसाठी असा कायदा नाही; बसून राहण्याचे कष्ट कुणी धरतच नाही.)

पॅरिसमध्ये शिरल्यावर आयफेल टॉवर दिसतो. तो बसच्या डाव्या बाजूला दिसतो आणि तुम्ही उजवीकडे बसलेले असता. टॉवर ३३० मीटर उंच आहे, त्यामुळे शेजाऱ्याच्या कानावरून मोबाइल धरला तर मधला तुकडा तरी नक्की मिळतो. त्यानंतर सहलीतलं मुख्य आकर्षण: सेन नदीतून तासाभराचा नौकाविहार. नीट लक्षात घ्या. पहाटे उठून तुम्ही एका जहाजावरून उतरलात, तीन तास बसमध्ये बसलात, आणि आता तुम्हाला एका बोटीत बसवण्यात येतंय. कुणाला यात काही खटकलंच, तर तो क्रूझचा माणूस नव्हे.

जाता जाता एक गंमत. क्लोद मोने याने १८७२ साली रंगवलेलं सूर्योदयाचं ते जगप्रसिद्ध चित्र, ज्यावरून चित्रकलेतल्या एका अख्ख्या पंथाला नाव मिळालं, ते कुठल्या बंदराचं आहे? ल हाव्रचं. म्हणजे तुम्ही पहाटे डोळे चोळत ज्याच्याकडे पाठ करून बसमध्ये चढलात त्याचंच. आणि ते चित्र कुठे आहे? पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात, जिथे तुमची बस जात नाही. एका दिवसात मूळ देखावा आणि चित्र, दोन्ही चुकवण्याची अशी दुहेरी सोय दुसऱ्या सहलीत सहसा मिळत नाही.

वार बघू नका, ही आणखी एक सूचना. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, फ्लॉरेन्सचं उफ्फिझी कलादालन सोमवारी, आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा सोडून बाकीच्या रविवारी. जहाज काही वार बघून बंदराला लागत नाही, मग तुम्ही कशाला बघता? बंद दरवाजा बाहेरून निवांत पाहता येतो, रांग नसते.

एका दिवसात एकच शहर करणं हा वेळेचा अपव्यय आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी इटलीचं लिव्होर्नो बंदर आहे. तिथून फ्लॉरेन्स नव्वदएक किलोमीटर आणि पिसा पंचवीसच्या आत. दोन्ही मिळून एकच सहल मिळते, ती घ्या. पिसात मनोऱ्याला हात लावून तोलून धरल्याचा फोटो काढायचा. तिथे हवेला ढकलणाऱ्या माणसांची इतकी गर्दी असते, की आपण नक्की कुणाच्या मनोऱ्याला आधार दिला ते घरी गेल्यावरच कळतं. फ्लॉरेन्समध्ये चौकातल्या मायकेलँजेलोच्या दाविद पुतळ्यासमोर उभे राहा. खरा दाविद १८७३ मध्येच तिथून उचलून अकादेमिया कलादालनात नेला आणि चौकात १९१० पासून त्याची प्रतिकृती उभी आहे, हे तुमच्या बसमधला एखादा चोखंदळ माणूस सांगेल. त्याला सांगा, आम्हीही इथे येण्याची प्रतिकृतीच करतोय. त्यानंतर चामड्याच्या दुकानात चाळीस मिनिटं काढायची. सहलीत घाई नसलेली हीच काय ती चाळीस मिनिटं.

खरी कसोटी मात्र तांबड्या समुद्रात लागते. तिथे कधीकधी एकाच फेरीत इजिप्तचं लक्सॉर आणि जॉर्डनचं पेत्रा ही दोन्ही प्राचीन शहरं समोर येतात आणि घरात वाद सुरू होतो: ‘अहो, पाय दुखतायत, दोन्ही नको, एकच करू.’ अशा वेळी डोकं शांत ठेवून लक्सॉर घ्या. इजिप्तच्या साफागा बंदरातून वाळवंट ओलांडून एका बाजूने तीन-साडेतीन तास, म्हणजे बसचे सहा-सात तास खात्रीचे. शिवाय कर्नाकचं मंदिर नाइलच्या पूर्वेला आणि राजांची दरी पश्चिमेला, म्हणजे मधला वेळ नदी ओलांडण्यात. कर्नाकच्या महामंडपात १३४ खांब आहेत. चाळीस मिनिटं मिळाली तर मिनिटाला तीनाच्या वर पडतात; उरकून टाका. दरीत तुतानखामेनच्या थडग्याला वेगळं तिकीट लागतं, आणि ते काढायचं की नाही हे ठरवेपर्यंत निघायची वेळ झालेली असते.

पेत्राच्या नादी लागू नका. जॉर्डनच्या अकाबा बंदरापासून ते दोनच तासांवर आहे. पोचल्यावर चक्क पायी चालायला लावतात: सव्वा किलोमीटर लांबीची अरुंद घळ, दोन्ही बाजूंना उंच कडे, आणि शेवटच्या वळणावर फटीतून एकदम दिसणारा तो गुलाबी दगडात कोरलेला दर्शनी भाग. बसमध्ये घालवलेल्या वेळाइतकाच किंवा जास्त वेळ प्रत्यक्ष ठिकाणी मिळतो, असं ऐकलं की संशय यायला हवा. लांबच्या सहलीचं नाव बदनाम होतं ते अशा अपवादांमुळे.

आता सहल जहाजाकडून घ्यायची की बाहेरून, हा वाद. जहाजाची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं, किंवा मागे राहिलेल्यांची पुढची व्यवस्था कंपनी लावते. स्वतःच्या टॅक्सीने उशिरा आलात तर तुम्ही धक्क्यावर धावता आणि वरच्या डेकवरचे लोक मोबाइल काढून तुमचं चित्रण करतात. कित्येकांना बंदरातल्या कुठल्याही सहलीपेक्षा हा कार्यक्रम जास्त आवडतो. २०२४ च्या मार्चअखेरीस आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या साओ टोमे बेटावर आठ जण खासगी सहलीवरून उशिरा परतले. जहाज समोर नांगर टाकून उभं होतं. तटरक्षक दलाने त्यांना बोटीतून जहाजापर्यंत नेलंही, पण वर घेतलं नाही. मग ते देशोदेशी विमानं बदलत गाम्बियाला पोचले, तर ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी गाठ पडली सेनेगलमध्ये. लोक याला संकट म्हणतात. सहलीच्या लांबीच्या दृष्टीने बघाल तर आजवर याच्या तोडीचं काही झालेलं नाही.

तेवढी हिंमत नसेल तर घड्याळाचं बघून घ्या. बंदराची स्थानिक वेळ आणि जहाजाची वेळ कधीकधी एक नसते; जहाज आपली जुनीच वेळ धरून बसतं आणि खिशातला मोबाइल मात्र गुपचूप स्थानिक वेळेवर जातो. एक तास इकडे किंवा एक तास तिकडे. कुठल्या बाजूला, हे आधी माहीत करून घेतलंत तर सगळी उत्कंठाच जाईल.

संध्याकाळी परत आलात की जेवणाच्या टेबलावर खरा सोहळा. कुणी विचारलं, ‘कुठे जाऊन आलात?’ तर एकच शब्द उच्चारायचा: ‘पॅरिस.’ किती वेळ, काय पाहिलं, असले बारकावे खानदानी माणूस विचारत नाही. शेजारी एखादं वयस्कर जोडपं असेल, जे दिवसभर ल हाव्रमध्येच रेंगाळलं. १९४४ च्या बॉम्बवर्षावात बेचिराख झालेलं आणि वास्तुशिल्पी ओग्युस्त पेरे याने काँक्रीटमध्ये नव्याने उभं केलेलं हे गाव २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, हे ते तुम्हाला सांगू लागतील. सेंट जोसेफ चर्चच्या १०७ मीटर उंच मनोऱ्याखाली उभं राहिलं की वरच्या रंगीत काचांमधून उजेड कसा उतरतो, मग किनाऱ्यावर बाकावर बसून आपलंच जहाज कसं दिसतं, वगैरे. काकू तर दुपारी जहाजावर येऊन तासभर झोपूनही गेलेल्या असतात, आणि वर परत हिंडायला. त्यांना फार बोलू देऊ नका. मध्येच हळहळून म्हणा, ‘अरेरे, काका, म्हणजे पॅरिस राहिलंच तुमचं!’ आणि ते काही उत्तर देण्याच्या आत उद्याच्या बंदराची यादी उघडा. लांबच्या सहलींच्या जागा आधी भरतात.